वासा

मालवणकडचे जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. माथ्यावर, घराच्या लांबीइतके, आडवे आढे असते. त्या आढ्यापासून दोन्ही अंगांच्या भिंतींकडे उतरत येणारी लाकडे म्हणजे वासे. मालवणीत म्हणतात ‘वासो’. वाशांवर कौलाच्या मापाने अंतर धरून रिपा ठोकायच्या व रिपांवर कौले बसवायची. तुळई आडवी राहून भार पेलते. वासा तिरपा राहून कौलांचा भार भिंतीवर उतरवतो आणि पावसाच्या पाण्याला वाट देतो.

या शब्दाचे मूळ संस्कृत ‘वंश’. वंश म्हणजे बांबू, आणि छपराचे लाकूडही. यज्ञशाळेचे ‘प्राग्वंश’ हे नाव तिच्या छपराचे मुख्य लाकूड पूर्वाभिमुख असे, त्यावरून पडले. पाठीच्या कण्याला आपण पृष्ठवंश म्हणतो, तोही याच घराण्यातला. जुन्या लिखाणात ‘वांसा’ असे लिहीत. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि बांबूची ती शेवटची खूण पुसली.

म्हणींत मात्र ती टिकली आहे. ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणताना आपण भपक्याला हसतो. पण बांबू जन्मतःच पोकळ आणि वाळवी लागलेले लाकूडही वरून धडधाकट दिसते, हे ध्यानी घेतले म्हणजे म्हणीची धार कळते. घर जितके लांब, तितके वासे अधिक. तेव्हा ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ म्हणजे जेवणाऱ्याने यजमानाच्या मिळकतीचा अंदाज घेणे! ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ हेही तसेच. वाशाला स्वतःची दिशा नसते. घराचे तोंड जिकडे, त्या मानाने त्याने वळायचे. आश्रितांचे याहून नेमके वर्णन कोणते?

आज स्लॅबच्या घराला वासेच नसतात. मुलांना म्हणी पाठ असतात, पण वर पाहिले तर मोजायला काही नाही. डोळ्यांपुढची वस्तू गेली की म्हणीचा अर्थ नुसता घोकावा लागतो. म्हणून, श्रोतेहो, जुने घर उतरवाल तेव्हा लाकूड खुशाल विका. पण त्याआधी घरातल्या मुलांना अंगणात बोलावून हे आढे, हा वासा, ही रीप, असे हात लावून दाखवा. एवढ्याने तीन म्हणी आणखी एक पिढी जगतील.