कल्याणचा विसरलेला वेढा

दुर्गाडी म्हटलं की कल्याणकरांना नवरात्रातली जत्रा आठवते आणि खाडीकाठी उभं राहिलेलं शिवरायांचं आरमार. ते सर्वांना ठाऊक आहे. देवीचं दर्शन घेऊन मी खाडीच्या बाजूला आलो तो एका वेगळ्या माणसासाठी. त्याचं नाव कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेल.

१७०७ मध्ये स्कॉटलंड इंग्लंडशी जोडला गेला आणि तिथल्या धाकट्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची वाट खुली झाली. जमीन थोरल्याला जायची, धाकट्याने जहाज पकडायचं. म्हणूनच आपल्या खाड्यांच्या इतिहासात स्कॉटिश वळणाची आडनावं सारखी भेटतात. डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेणारा जनरल गॉर्डन. तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. नंतर १७८० मध्ये कल्याण घेणारा हा कॅम्पबेल.

कल्याण गेल्याचं नाना फडणवीसांना फार लागलं. बंदर आणि घाटाची वाट दोन्ही या गावाच्या हातात. मोठी फौज खाली उतरली. कंपनीच्या एका चौकीवरचा फाइफ नावाचा तरुण अधिकारी मराठ्यांच्या हाती लागला. त्याच्याकडून कॅम्पबेलला पत्र लिहवून घेतलं गेलं: कल्याण सोड, नाहीतर कैदी मारले जातील आणि शहरातल्या शिबंदीचीही कत्तल होईल. कॅम्पबेलने उलट कळवलं की, नानांना गाव घेता येत असेल तर त्यांनी खुशाल घ्यावं. आपलाच माणूस शत्रूच्या ताब्यात असताना हे उत्तर देताना त्याला काय वाटलं असेल, हा विचार काही केल्या मनातून जात नाही. मराठे निर्णायक हल्ला चढवणार तोच २४ मे रोजी कर्नल हार्टलेची कुमक पोहोचली आणि वेढा उठला.

पारनाक्यावर एका निवृत्त शिक्षकांना ही हकिकत सांगितली. ते चटकन म्हणाले, "तटावर तरी कोण होतं हो? आपलेच लोक ना?" खरंच आहे. गोऱ्या कप्तानांच्या हाताखाली बहुतेक देशी शिपाईच होते, आणि मुंबई फौजेत कोकणातल्या पोरांचा भरणा मोठा. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसं होती. कॅम्पबेलचं नाव तरी कागदावर उरलं, त्यांची गेली.

दुर्गाडीच्या पायथ्याशी फुलं विकणाऱ्या मावशींना वेढ्याबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इथं लढाई? आम्हाला कोणी सांगितलंच नाही." सांगणार कोण? मी फिरलो तेवढ्या भागात त्याची साधी पाटीही दिसली नाही. सुशोभीकरणावर खर्च होतो, मग चार ओळींचा फलक का लागू नये? त्यावर कॅम्पबेलही असावा आणि त्याला वेढणारे मराठेही.

सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टी इंग्रजांकडे राहिली, कल्याण मात्र पेशव्यांना परत मिळालं. कल्याणजवळच्या मलंगगडावर मात्र तहाच्या आधी, वेढा उठल्यानंतर, पारडं उलटं फिरलं होतं. त्याच १७८० च्या पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टनने गडाचा खालचा भाग घेतला, पण वरच्या बालेकिल्ल्यातली शिबंदी हटली नाही. उलट मराठ्यांनी ॲबिंग्टनलाच घेरलं आणि त्याला सोडवायला पुन्हा हार्टलेला धावावं लागलं.