हंगामाबाहेरचा फुजी

जपानचा फुजी पर्वत ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलेला नाहीं, त्यांनींही तो चित्रांत पाहिलेला असतो. निळ्या आकाशाखालीं हिमाचा मुगुट घातलेला, दोन्ही अंगांनीं सारखा उतरत गेलेला तो शंकु सहज डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु दर वर्षीं जे हजारों लोक फुजीवर चढतात, त्यांतील बहुतेकांना हा मुगुट दिसतच नाहीं. ते चढतात भर उन्हाळ्यांत. त्या वेळीं पायांखालीं असते ती लालकाळी राख आणि ज्वालामुखीचे सुटे दगड. चित्रांतला शुभ्र फुजी हा खरें पाहतां वाटा बंद झालेला फुजी आहे. नेमक्या त्याच फुजीवर, वाटाड्याच्या सोबतीनें, एका दिवसांत जाऊन यावें अशी हौस पुष्कळांना असते. ही हौस काय मागते, हें समजण्यासाठीं हंगाम म्हणजे काय तें आधीं पाहिलें पाहिजे.

फुजीची उंची ३७७६ मीटर, म्हणजे सुमारें १२,३९० फूट आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवलीं तरी फुजीचा माथा जवळजवळ पांचशें मीटर वर उरेल. चढण्याचा अधिकृत काळ जुलैच्या पूर्वार्धांत सुरू होतो आणि १० सप्टेंबरला संपतो. शिखराकडे जाणाऱ्या वाटा चार: योशिदा, सुबाशिरी, गोतेंबा आणि फुजिनोमिया. त्यांतील योशिदा व फुजिनोमिया या वाटांवर मोटारी ‘पांचव्या टप्प्या’पर्यंत, म्हणजे २३०० ते २४०० मीटरांपर्यंत नेऊन सोडतात, तेथून पुढें पायीं चढावें लागतें.

हंगामांत या वाटांवर ठिकठिकाणीं निवाऱ्याच्या झोपड्या उघड्या असतात. तेथें गरम जेवण मिळतें, पाणी विकत मिळतें, थकलेल्यास अंग टेकतां येतें. शौचकूपें असतात, प्रथमोपचाराची सोय असते, आणि वाट चुकावी म्हटलें तरी पुढच्यामागच्या गर्दीमुळें ती चुकत नाहीं. हंगाम संपला कीं हें सर्व आवरलें जातें. झोपड्यांचीं दारें लागतात, फलक उतरवले जातात, आणि पांचव्या टप्प्याच्या वरची वाट सरकारी हुकुमानें बंद होते. म्हणून हंगाम ही केवळ पंचांगांतली नोंद नव्हे. सामान्य प्रकृतीच्या माणसासही हा उंच पर्वत चढतां यावा म्हणून उभारलेली ती एक मोठी सोय आहे. ती काढून घेतली म्हणजे उरतो तो निव्वळ पर्वत.

या पर्वताचें अवेळचें रूप काय आहे, हें शिखरावरील वेधशाळेच्या नोंदींवरून कळतें. तेथें १९३२ पासून बाराही महिने निरीक्षण सुरू झालें आणि २००४ पर्यंत माणसें राहून तें करीत असत. वर्षाचें सरासरी तपमान शून्याखालीं सुमारें सहा अंश सेंटिग्रेड आहे. फेब्रुवारी १९८१ मध्यें पारा शून्याखालीं ३८ अंशांपर्यंत उतरला होता. २५ सप्टेंबर १९६६ रोजीं, म्हणजे आजच्या हिशेबानें हंगाम संपल्यावर पंधराच दिवसांनीं, एका वादळांत वाऱ्याचा झोत सेकंदास ९१ मीटर इतक्या वेगाचा नोंदला गेला. ताशीं हिशेब केल्यास तो ३२५ किलोमीटरांहून अधिक होतो.

वाऱ्याचा हा जोर फुजीच्या एकटेपणांतून येतो. हिमालयांत एका शिखरास दुसऱ्या शिखराचा आडोसा असतो; फुजीला शेजारी नाहींत. पश्चिमेकडून येणारे वारे त्याच्यावर सरळ आदळतात आणि त्याला वळसा घालतांना भोवरे करतात, त्यामुळें झोत कोणत्या बाजूनें येईल याचा नेम नसतो. शिवाय दिवसां वितळलेलें हिम रात्रीं पुन्हा गोठून कांचेसारखें कठीण होतें. चित्रांत इतका मोहक दिसणारा तो सरळ उतार अशा वेळीं घातक ठरतो. एकदां पाय निसटला म्हणजे घसरणारास अडवील असें झाड वा सपाटी पुष्कळ खालपर्यंत भेटत नाहीं. वसंतांत आणखी एक संकट असतें. अवचित पाऊस पडला कीं पाण्यानें जड झालेलें हिम चिखलासारखें खालीं लोटतें. मार्च १९७२ मध्यें अशाच पावसावाऱ्यांत आणि हिमलोटांत चोवीस गिर्यारोहक नाहींसे झाले.

इतकें असूनही अवेळीं फुजी चढण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वीं स्त्रियांना शिखरापर्यंत जाण्याची मनाई होती. १८३२ सालीं ताकायामा तात्सु नांवाच्या स्त्रीनें पुरुषवेष घेऊन शिखर गांठलें. फुजीभक्तांच्या पंथाचा पुढारी कोतानी सान्शि हा तिला घेऊन गेला, आणि त्यासाठीं त्यांनीं हंगाम उलटून गेल्यानंतरचा थंडीचा काळ निवडला. कारण त्या वेळीं अडविणारें कोणी नसतें. स्त्रियांवरील बंदी पुढें चाळीस वर्षांनीं, १८७२ मध्यें उठली. 

नोनाका इतारु या तरुणाची कथा याहून बोधप्रद आहे. उंचावर बारमाही वेधशाळा हवी, या ध्यासानें त्यानें जानेवारी १८९५ मध्यें फुजी चढण्याचा यत्न केला. बर्फावर पाय ठरेना, म्हणून तो परतला. साधनें सुधारून फेब्रुवारींत पुन्हा गेला आणि शिखरावर पोंचला. त्याच शरद् ऋतूंत तो शिखरावर झोपडी बांधून राहिला. पत्नी चियोको हीही मागाहून त्याला साहाय्य करण्यास तेथें गेली. दोघेंही आजारी पडलीं आणि डिसेंबरांत त्यांना उचलून खालीं आणावें लागलें. जानेवारींत परत फिरणें त्याच्या स्वतःच्या हातीं होतें; डिसेंबरांत तें इतरांच्या हातीं गेलें.

आतां वाटाड्याबरोबरच्या एका दिवसाच्या चढाईचा हिशेब पहावा. फुजिनोमियाच्या पांचव्या टप्प्यापासून शिखरापर्यंत सुमारें १३७५ मीटर चढ आहे. कोरड्या वाटेनें चढण्यास पांच-सहा तास आणि उतरण्यास तीन-चार तास धरले, तर विश्रांति सोडून आठ ते दहा तास होतात. ऑक्टोबरच्या मध्यास दिवस साडेअकरा तासांच्या आंतबाहेर असतो. डिसेंबरअखेर तो दहा तासांहूनही लहान होतो. त्यांतच नोव्हेंबराच्या सुमारास फुजिनोमियाचा मोटाररस्ताही बंद होतो. म्हणजे दिवस जसा आखडतो, तशी चाल लांबते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें दोन-तृतीयांश असतो. डोकें दुखूं लागतें, पावलें जड होतात, आणि घड्याळ मात्र थांबत नाहीं.

अशा वेळीं वाटाड्या करतो काय? वाट दाखविणें हा त्याच्या कामाचा लहानसा भाग. निघण्यापूर्वीं तो हवामान पाहून दिवस ठरवितो किंवा रद्द करतो. बुटांचे लोखंडी कांटे, बर्फाची कुऱ्हाड, शिरस्त्राण, गरम कपडे हें सर्व स्वतः तपासतो. चढाईचा बेत पोलिसांकडे नोंदवितो. आणि मुख्य म्हणजे, अमुक वाजेपर्यंत जेथें पोंचूं तेथून परत, ही वेळ तो पायथ्याशींच ठरवून टाकतो. हंगामांत झोपडी, जेवण आणि माणसें मिळून जी सोय करतात, तिच्या जागीं त्याला एकट्याला आपली विवेकबुद्धि उभी करावी लागते.

तथापि वाटाड्याची सोबत म्हणजे बंदीतून सूट नव्हे. २०१३ मध्यें, फुजीची गणना जागतिक वारशांत झाली त्याच वर्षीं, मार्गदर्शक नियम ठरले. पुरेसें कौशल्य, साधनें व तयारी नसलेल्यांनीं हंगामाबाहेर चढूं नये. जे जातील त्यांनीं लेखी बेत द्यावा आणि मलमूत्रही परत आणण्याची व्यवस्था ठेवावी, असें त्यांत सांगितलें आहे. त्या त्या वेळीं कोणती वाट कोठपर्यंत मोकळी आहे, हें विचारल्यावांचून कोणीं पैसे भरूं नयेत. पुष्कळ वेळां शहाणा वाटाड्या शिखराचें नांवच काढीत नाहीं. वाटा मोकळ्या असतील तोंवर तो मंडळींना १७०७ च्या स्फोटानें पडलेलें होएईचें विवर किंवा खालचीं अरण्यें दाखवून सायंकाळपूर्वीं परत आणतो.

कारण अवेळीं संकटांत सांपडलेल्यास सोडविण्यासाठीं दुसऱ्या माणसांनाच त्या बर्फांत उतरावें लागतें. एप्रिल २०२५ मध्यें एका विद्यार्थ्याला फुजीवरून चार दिवसांत दोनदां सोडवून आणावें लागलें. पहिल्या खेपेस मागें राहिलेला आपला टेलिफोन शोधण्यास तो पुन्हा वर गेला होता! सुटकेचा खर्च अशा माणसाकडून घ्यावा काय, हा वाद तेव्हांपासून तेथें अधिकच पेटला.

यास्तव हंगामाबाहेर फुजीवर जाणारानें वाटाड्याला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘शिखरावर नेशील काय?’ हा नसावा. ‘कोठून आणि किती वाजतां परत फिरवशील?’ हा असावा. याचें उत्तर जो निघण्यापूर्वींच स्पष्ट देतो, आणि वर गेल्यावर कितीही आर्जवें केलीं तरी तें बदलत नाहीं, त्याच्याच हातीं आपला दिवस सोंपवावा.