सर्किट चालत नाही? आधी मोजा, मग बदला!

शाळेतील विज्ञान प्रदर्शन असो, पदविका अभ्यासक्रमाचा प्रकल्प असो वा सुटीचा फावला वेळ. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. आकृतीबरहुकूम सर्व सुटे भाग जोडून होतात, बॅटरी लावली जाते आणि काहीच घडत नाही. अशा वेळी बहुतेकांचा संशय प्रथम आयसीवर जातो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ गाठून नवा आयसी आणला जातो. त्यानेही काम भागले नाही की ट्रान्झिस्टर, मग कपॅसिटर अशी बदलाबदली सुरू होते. वारंवार उष्णता दिल्याने पट्टीवरील तांब्याच्या रेषा उखडू लागतात, पैसे संपतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. कित्येकांचा छंद याच टप्प्यावर सुटतो.

वस्तुतः नव्याने जोडलेल्या सर्किटमध्ये सुटा भाग मुळातच बिघडलेला असण्यापेक्षा तो उलटा, चुकीच्या ठिकाणी किंवा कच्चा जोडलेला असण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच दोष शोधण्याचे काम तर्काने आणि मोजमापाने करावयाचे असते.

आधी नजरेने तपासणी

बॅटरी काढून ठेवून सर्किट चांगल्या प्रकाशात आणि शक्य असल्यास भिंगाखाली पाहावे. पक्का डाग गुळगुळीत असतो आणि भागाच्या पायाला चहूबाजूंनी चिकटून उतरता झालेला असतो. कच्चा डाग गोळ्यासारखा फुगलेला किंवा पायाभोवती बारीक भेग पडलेला दिसतो. दोन शेजारच्या रेषा डागाने एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

त्यानंतर दिशा तपासावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरील पट्टा ऋण टोक दाखवितो, तर डायोडवरील पट्टा कॅथोड दाखवितो. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तर सारखे दिसणारे भाग हमखास फसवितात. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरून पाय खाली ठेवले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दोन-एन ३९०४ मध्ये तो नेमका उलट म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. एकाऐवजी दुसरा लावताना उत्पादकाचे माहितीपत्रक पाहिले नाही, तर दोन्ही भाग उत्तम असूनही सर्किट चालत नाही.

ब्रेडबोर्डवर जुळणी केली असेल तर आणखी एक खबरदारी हवी. अनेक ब्रेडबोर्डवर कडेच्या वीजपुरवठ्याच्या लांब ओळी मध्यभागी तुटलेल्या असतात. बाहेरून सलग वाटणाऱ्या या ओळीच्या अर्ध्या भागात वीज पोहोचतच नाही.

वीज कोठपर्यंत पोहोचते?

दुसरी पायरी मल्टिमीटरची. तो डीसी व्होल्टच्या योग्य मर्यादेवर ठेवून काळी तार ऋण टोकाला लावावी. नऊ व्होल्टची बॅटरी सर्किटला जोडलेली असतानाच मोजावी. जुनी बॅटरी मोकळी असताना पुरेसे व्होल्टेज दाखविते; मात्र भार पडताच तिचे व्होल्टेज घसरते. बॅटरी ठीक असल्यास आयसीच्या प्रत्यक्ष पिनवर मोजावे. बॅटरीजवळ नऊ व्होल्ट आणि पिनवर शून्य असेल, तर दोष या दोहोंच्या मधल्या मार्गात आहे, एवढे एकाच मोजमापात निश्चित होते. त्या मार्गाच्या मध्यावर पुन्हा मोजले की शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

मीटरची लाल तार विद्युत प्रवाह मोजण्याच्या छिद्रात राहिलेली असताना व्होल्टेज मोजावयास गेल्यास शॉर्ट सर्किट होते व मीटरमधील फ्यूज जातो. प्रत्येक मोजमापापूर्वी तारांची जागा पाहण्याची सवय लावून घ्यावी. सलगतेची म्हणजेच ‘बीप’ची चाचणी वीजपुरवठा तोडूनच करावी.

एका रंगाची चूक

हे तर्कशास्त्र प्रत्यक्षात कसे चालते, हे ५५५ या टायमर आयसीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी याची रचना केली आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांचा पहिला आयसी बहुधा हाच असतो.

समजा, एलईडी उघडझाप करणारे सर्किट नऊ व्होल्टवर जोडले आहे. पहिला रेझिस्टर एक किलोओहमचा, दुसरा ४७ किलोओहमचा आणि कपॅसिटर दहा मायक्रोफॅरडचा आहे. या मूल्यांनुसार एलईडीने सेकंदाला साधारण दीड वेळा लुकलुकावयास हवे. प्रत्यक्षात तो अखंड पेटलेला दिसतो. आयसी जळाला, असा निष्कर्ष येथे घाईने काढला जातो.

मात्र क्रमांक दोन व सहा या एकत्र जोडलेल्या पिनवर मीटर लावून पाहावे. सर्किट चालू असताना तेथील व्होल्टेज पुरवठ्याच्या एकतृतीयांश व दोनतृतीयांश यांच्या दरम्यान, म्हणजे तीन ते सहा व्होल्टच्या मध्ये, वर-खाली होत राहते. आयसी एका स्थितीत अडकला असता तर येथे शून्याच्या किंवा नऊ व्होल्टच्या जवळपासचा आकडा स्थिरावला असता. मीटर साडेचारच्या आसपास स्थिर राहिला, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. व्होल्टेज बदलत आहे, परंतु इतक्या वेगाने की मीटर केवळ सरासरी दाखवीत आहे. म्हणजे आयसी ठणठणीत आहे आणि वेग ठरविणाऱ्या भागांत चूक आहे.

आता रेझिस्टरचे रंग पाहावेत. ४७ किलोओहमचे पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी असतात. पिवळा, जांभळा, तपकिरी हे पट्टे ४७० ओहमचे. मंद प्रकाशात नारिंगी व तपकिरी यांत सहज गल्लत होते. ४७० ओहमचा रेझिस्टर लागल्यास वेग सेकंदाला सुमारे ७४ वेळा इतका होतो आणि डोळ्यांना एलईडी अखंड पेटलेला भासतो. किरकोळ किमतीचा एक रेझिस्टर बदलताच सर्किट सुरळीत होते. नव्या आयसीने मात्र काहीही साधले नसते.

ट्रान्झिस्टरबाबतही असाच विचार करता येतो. बीसी ५४७ सारखा सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू असताना त्याच्या बेस व एमिटरमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट असतात. तेथे दोन-तीन व्होल्ट आढळल्यास आतील जोड तुटला आहे किंवा पाय चुकीचे ओळखले आहेत, असे समजावे.

घरातील विजेशी खेळ नको

बॅटरीवरील सर्किटमध्ये चूक झाली तर फार तर एखादा भाग जळतो. थेट घरातील विजेवर चालणाऱ्या उपकरणात तीच चूक जिवावर बेतू शकते. २३० व्होल्टची एसी वीज डायोडमार्फत डीसी केल्यावर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. काही स्वस्त सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा सर्किटमधील एलईडीवर जेमतेम तीन व्होल्ट मोजले गेले, तरी त्याची कोणतीही तार स्पर्शास सुरक्षित नसते. नवशिक्यांनी बॅटरी किंवा चांगल्या दर्जाचा तयार अ‍ॅडॅप्टर यांवरच प्रयोग करावेत आणि घरातील विजेवर चालणारी उपकरणे जाणकाराकडे सोपवावीत.

प्रत्येक मोजमाप वहीत नोंदवावे, एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर पुन्हा मोजावे. दोन भाग एकदम बदलल्यास सर्किट चालू झाले तरी दोष नेमका कशात होता, हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. भागांची नवी पिशवी खरेदी करण्याआधी तो घेतला, तर हा खर्च लवकरच भरून निघेल.