पाठ सारखी असलेलं पान

जुन्या वाड्यात पाहुणे उतरवायचं ठरलं की सजावटीचं सामान ठरलेलं असतं. दारात पितळेचं घंगाळ, त्यात तरंगणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या, भिंतीवर छापील वारली, कोपऱ्यात पॉलिश मारलेलं जातं. वाडा कुठल्याही गावचा असो, खोली तीच. म्हणून संपादकांनी जेव्हा विचारलं, की बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या वाड्यात उद्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या तर आत काय लावावं, तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. या भागात इतिहासाची वाण नाही. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयानं मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा काळ बारामतीत काढला, १७९४ साली ते गेले तेही इथंच. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. शिवाय गावोगावी खासगी वाडे आहेत. मालक पुण्यात, किल्ली शेजाऱ्याकडे. उत्तर शोधायला मी सावंतवाडीला गेलो.

सावंतवाडीच्या राजवाड्याचा इतिहास माहितीपत्रकात मिळतोच. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात तो बांधला गेला. जांभ्या दगडाची लालसर इमारत, समोर १८७४ चा मोती तलाव. राजघराणं अजून तिथंच राहतं. अलीकडे आवारातल्या मोजक्या खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या झाल्या आणि त्यांची सजावट गंजिफावर बेतली गेली. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं वर्णन अबुल फझलनं करून ठेवलंय. आपल्याकडे येता येता त्यातले घोडे-हत्ती मागे पडले आणि विष्णूचे दहा अवतार पानांवर आले.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवत बसलेले असतात आणि आल्यागेल्याला ते पाहता येतं. खोल्या बघायला गेलेला मी त्यातल्या एका बाईंच्या शेजारीच रेंगाळलो. त्या मत्स्य अवताराचं दहाचं पान रंगवत होत्या. तळहातात मावेल एवढ्या गोलात दहा मासे. प्रत्येकाचा डोळा, शेपटी, पाठीवरची रेघ. मला वाटलं होतं, एवढं बारीक काम म्हणजे श्वास रोखून चालत असेल. बाई तर मधूनच शेजारणीशी बोलत होत्या आणि कुंचला आपल्या गतीनं चालला होता.

दशावतारी संचात १२० पानं. दर अवताराची बारा: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची साधी पानं. हिशेब करून पाहा. एका अवताराच्या साध्या पानांवर मिळून ५५ चिन्हं होतात, दहा अवतारांची ५५०. वर राजा-प्रधानांची वीस चित्रं. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. दरबारी थाटाच्या संचाला नक्षीदार किनार असते, बाजारी संचाला नसते. खेळ तिघांचा. दिवसा डाव रामाच्या पानानं उघडतो, रात्री कृष्णाच्या. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानांखालोखाल दहाचं पान मोठं, पुढच्या पाचांत एक्का. हे सगळं डोक्यात ठेवून भरभर पानं टाकणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आपली रमी त्यापुढे पोरखेळ.

पण मी अडकलो तो पानाच्या पाठीत. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर एकावर एक चिकटवून चकती करतात, चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन ती कडक करतात, मग रंग आणि शेवटी लाख. पुढच्या बाजूला हवी तेवढी कारागिरी करा. पाठ मात्र १२० पानांची अगदी एकसारखी हवी. एका पाठीवर रंगाचा ओघळ राहिला, कड जरा जास्त जाड झाली, की जाणता खेळाडू ते पान उलटं असतानाच ओळखणार आणि अख्खा संच बाद. म्हणजे चिताऱ्याचं खरं कसब जिथं काहीच काढलेलं नाही तिथं लागतं. सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी आणि फळांसाठी प्रसिद्ध आहे, पण मला ही कोरी पाठ त्या सगळ्या रंगीत फळांपेक्षा अवघड वाटली.

आता हेच पान खोलीच्या भिंतीवर किंवा फर्निचरवर मोठं होऊन येतं तेव्हा त्याला पाठच उरत नाही. राजा मोठा दिसतो, छान दिसतो, पाहुणे फोटो काढतात. खेळ संपलेला असतो. याबद्दल हळहळावं तर दुसरी बाजूही पाहावी लागते. स्वातंत्र्यानंतर ही कला जवळजवळ बुडाली होती. ती जाणणारा एखाददुसरा वृद्ध चितारी उरला असताना इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवी या दांपत्यानं ती स्वतः शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास कारागिरांसाठी राजवाड्यातच काम सुरू केलं. खेळणारे परत येणार नव्हते, विकत घेणारे येऊ शकत होते. खोल्यांची सजावट हा त्याच धोरणाचा पुढचा टप्पा आहे. घंगाळ एकदा आणलं की संपलं. इथल्या भिंतीला दर काही वर्षांनी चितारी लागणारच, आणि तो शंभर पावलांवर बसलेला आहे.

लागणार, कारण कोकणचा पाऊस. सावंतवाडीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. बारामतीत पाचशेच्या आसपास. जांभा ओल धरतो, चुना फुगतो, लाखेवर पांढुरकी झाक येते, बुरशीला चित्र आणि भिंत यातला फरक कळत नाही.

कोरड्या मुलखात ही अडचण नाही. तिथली अडचण वेगळी: लावायचं काय? बारामती-इंदापुरात गंजिफा टांगणं हे छापील वारलीइतकंच परकं होईल. मला तरी एकच गोष्ट दिसते, घोंगडी. धनगरांचा मुलूख आहे, दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर आहे, आणि ती विणणारे सनगर आहेत. खड्ड्याच्या मागावर चढण्याआधी ताण्याला जी खळ देतात तीही चिंचोक्याचीच. पलंगावर, बैठकीवर, भिंतीवर घोंगडी शोभेल याबद्दल मला शंका नाही.

शंका पुढच्या गोष्टींबद्दल आहे. घोंगडी टोचते, गावाकडचा म्हातारा त्याचंच कौतुक करतो, पुण्या-मुंबईचा पाहुणा दुसऱ्या दिवशी चादर मागतो. ओल लागली की तिला मेंढराचा वास येतो. कसर लागते, म्हणून तिला अधूनमधून ऊन दाखवावं लागतं, आणि लॉजच्या चादरींसारखी ती धुलाईवाल्याकडे टाकता येत नाही. सजावट करणारा चारही खोल्यांना एकाच रंगाची, एकाच मापाची मागतो. न रंगवलेल्या लोकरीत दर कळपाचा काळा निराळा. आणि मुळात लोकरच आटत चालली आहे. तिला भाव नाही, कातरणीचा खर्च मेंढपाळाच्या अंगावर पडतो, त्यामुळे मटणाला चांगल्या पण अंगावर जेमतेम लोकर असलेल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या कळपात वाढताहेत. सनगरांची पोरं मागावर बसायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तरीही कुणाला खोल्या काढायच्याच असतील तर आधी आर्किटेक्टला न गाठता मेंढपाळाला गाठावं. कातरणी वर्षातून दोनदाच होते. लोकर तेव्हाच, पैसे मोजून उचलावी लागेल, आणि विणणाऱ्याला आगाऊ रक्कम द्यावी लागेल.