एका फेरीत 384 नमुने

डिसेंबर 2021 च्या मध्यावर राज्याच्या आरोग्य विभागाने कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराच्या रुग्णांची शहरवार यादी दिली, त्यात वसई-विरारपुढे आकडा होता 1. तो एक नक्की करायला आरटी-पीसीआर पुरत नाही. ती चाचणी लागण झाली की नाही एवढंच सांगते. विषाणूचा प्रकार खात्रीने ओळखायचा, तर त्याच्या जनुकसंचाची जवळपास 30 हजार अक्षरं वाचावी लागतात.

मुंबई महापालिकेने चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात अशा वाचनाची प्रयोगशाळा ऑगस्ट 2021 मध्ये सुरू केली. पहिल्या तुकडीत 188 नमुने वाचले, त्यांतले 128 डेल्टाचे निघाले. तिथल्या इल्युमिना यंत्रामागची पद्धत चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी डेव्हिड क्लेनरमन यांनी 1990 च्या दशकात केंब्रिजमध्ये शोधली. डीएनएचे तुकडे काचेवर चिकटवायचे, प्रत्येकाच्या प्रती काढून त्याचा पुंजका करायचा, मग रंग लावलेलं एकेक अक्षर जोडायचं. अक्षराला अडसर असतो, म्हणून एका वेळी एकच बसतं. कॅमेरा फोटो घेतो. रसायन रंग आणि अडसर दोन्ही काढून टाकतं. पुढचं अक्षर येतं. हे कोट्यवधी पुंजक्यांवर एकाच वेळी चालतं. मानवी जनुकसंचाच्या पहिल्या वाचनाला 13 वर्षं आणि सुमारे 300 कोटी डॉलर लागले. आज तेच काम हजार डॉलरच्या आत होतं.

पण ही स्वस्ताई भरलेल्या फेरीची आहे. कस्तुरबातलं यंत्र एका फेरीत 384 नमुने घेतं. प्रत्येकाच्या तुकड्यांना आधीच वेगळी खूणअक्षरं जोडलेली असतात. जवळच्याच महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपड्यांवर खूण असते म्हणून दहा घरांचे कपडे एका हौदात धुता येतात, तसंच हे. यंत्र अर्धं रिकामं चालवलं तरी काच आणि रसायनं मात्र तेवढीच खर्च होतात. जानेवारी 2022 च्या फेरीत 373 नमुने होते. 280 मुंबईचे, उरलेले बाहेरगावचे. बाहेरच्या नमुन्यांमुळे मुंबईचाही खर्च विभागला गेला.

म्हणून वसई-विरारने स्वतःचं यंत्र घ्यावं असं मला वाटत नाही. नमुने गोळा करून, थंड पेटीत घालून, ठरल्या वारी पाठवणारी माणसं हवीत, आणि ती साथ ओसरल्यावरही हवीत. क्षयाचंच पाहा. औषधाला न जुमानणारा क्षय ओळखायला जंतू वाढवून पाहण्यात आठवडे जातात. त्याच जंतूची ठरावीक जनुकं वाचून कोणती औषधं चालणार नाहीत हे काही दिवसांत कळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये या पद्धतीची शिफारसही केली. वसई-विरारमधल्याच नालासोपाऱ्यात एका खोलीत सहा जण राहत असतील, तर ते वाचलेले आठवडे सहाही जणांच्या उपयोगाचे आहेत.