कर्मचाऱ्यांचा व्यावसायिक विकास आणि व्यवस्थापकाचा संवाद
व्यावसायिक विकास म्हणजे केवळ पदोन्नती नव्हे. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकात मिग-२१ विमानांची निर्मिती सुरू झाली; पुढे सुखोई-३० आणि २०२५ मध्ये तेथूनच तेजस मार्क-१ए चे उड्डाण झाले. उत्पादन बदलले की जुने कौशल्य अपुरे पडते. वरिष्ठ पदे मात्र मोजकीच असतात. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी कर्मचारी आपल्या उणिवा लपवितो. म्हणून व्यवस्थापकाने स्वतंत्र वेळ काढून विचारावे : कोणते काम शिकावयाचे आहे? अडचण कोणती? त्यानुसार प्रशिक्षण, त्यासाठीची सवड व पुढील भेटीची तारीख लेखी निश्चित करावी. पदोन्नती शक्य नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. खोट्या आश्वासनाने गमावलेला विश्वास प्रशिक्षणाने परत मिळत नाही.