काँग्रेस गवताचा रबरवाला भाऊ

काँग्रेस गवताबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पुण्यात 1950च्या दशकात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. कुणी त्याला गाजर गवत म्हणतं, कुणाला त्याने अंगावर खाज दिली, कुणाला दमा. पण याच घराण्यात, म्हणजे पार्थेनियम या प्रजातीत, याचा एक भाऊ आहे. त्याच्यासाठी अमेरिकेने एकेकाळी सरकारी खजिना उघडला होता. त्याचं नाव ग्वायुले.

उत्तर मेक्सिको आणि टेक्सासचा पश्चिम भाग व्यापणारं चिहुआहुआचं वाळवंट हे त्याचं घर. चुनखडीच्या उतारांवर, जेमतेम पावसात, कमरेएवढं वाढणारं हे झुडूप. काँग्रेस गवत एका हंगामात आटपतं. हे तीस-चाळीस वर्षंही उभं राहतं. वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी 1859 मध्ये त्याला 'अर्जेंटेटम', म्हणजे चंदेरी, हे नाव दिलं. पानांवर बारीक केसांची दाट लव असते, तिच्यामुळे ऊन परतवलं जातं आणि झुडूप लांबून राखाडी-रुपेरी दिसतं. मुळांचीही दुहेरी सोय आहे: एक सोटमूळ खोल जातं आणि बाकीची वरच्या थरात लांबवर पसरतात, म्हणजे आलेली सर वाया जायला नको.

खरी गंमत सालीत आहे. वडाचं किंवा रुईचं पान खुडलं की चीक टपकतो; केरळात रबराच्या झाडाला खाच पाडून वाटी लावतात. ग्वायुलेची फांदी मोडा, चीक टपकणार नाही. याच्यात चिकाच्या नळ्याच नाहीत. रबर सालीतल्या सुट्या पेशींमध्ये कोंडलेलं असतं. पावसाळ्यात झुडूप वाढतं आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री रबर साठवतं. ते काढायचं तर झाडच कुटावं लागतं. तिथले मूळ रहिवासी साल चावून रबर वेगळं काढत. आता लागवडीत झुडूप जमिनीलगत कापतात आणि उसासारखा खोडवा ठेवतात.

1942 मध्ये जपानने मलाया आणि आसपासचे रबराचे मळे घेतले आणि अमेरिकेची धावाधाव झाली. हजारो एकरांवर ग्वायुले लावलं गेलं. त्यावर उत्तम संशोधन केलं ते, जपानी वंशाचे म्हणून मँझनारच्या छावणीत डांबलेल्या माणसांनीही! युद्ध संपलं, कृत्रिम रबर मिळू लागलं आणि 1946 मध्ये उभी झुडपं नष्ट करून प्रकल्प गुंडाळला गेला. मला हा निव्वळ उतावळेपणा वाटतो. रबराच्या झाडाच्या चिकातल्या ज्या प्रथिनांमुळे हातमोज्यांची ॲलर्जी होते, ती ग्वायुलेत नाहीत, हे पुढे कळलं. 2022 मध्ये इंडीकार शर्यतीच्या टायरांतही त्याचं रबर वापरलं गेलं.

काँग्रेस गवताशी ग्वायुलेचं नातं पाहायला मेक्सिकोला जायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर जा आणि काँग्रेस गवताचं एक पांढरं फूल भिंगाखाली धरा. ते एक फूल नसून फुलांचा गुच्छ आहे, झेंडूसारखाच. त्याच्या कडेला पाच चिमुकल्या पाकळ्या दिसतील. बी धरतं ते फक्त पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या या पाच कडेच्या फुलांत; मधली गर्दी नुसती पराग देणारी. ग्वायुलेतही हाच हिशेब, पाचाचाच. मोजून झालं की हात मात्र साबणाने धुवा.